ज्याचा त्याचा भेडाघाट

भेडाघाटला मी आयुष्यातले बहुतेक रविवार काढले, पण सहलीला म्हणून एकदाही गेले नाही. माझी ती नोकरी होती. जबलपूर स्टेशनसमोर दुबेजी नावाच्या गृहस्थांचं प्रवासी बसचं लहानसं ऑफिस होतं. दर रविवारी सकाळी त्यांची बस निघायची. मदन महालाच्या टेकडीखाली जरा थांबायची, मग भेडाघाट. तिथं टेकडीवरचं चौसष्ट योगिनींचं देऊळ, संगमरवरी कड्यांमधून नावेची फेरी, धुवांधार धबधबा, आणि अंधार पडायच्या आत परत. ड्रायव्हरच्या मागच्या सीटवर बसून लोकांना समोर काय दिसतंय ते सांगायचं, कोणाला हरवू द्यायचं नाही आणि कोणाला पाण्यात पडू द्यायचं नाही, हे माझं काम.

आमचे हे दारूगोळ्याच्या फॅक्टरीत टर्नर. पासष्टच्या लढाईत यांना जो ओव्हरटाइम लागला तो पुढे कित्येक वर्षं सुटलाच नाही. रविवारसुद्धा फॅक्टरीचाच. मी राइट टाउनमधल्या एका शाळेत हंगामी शिक्षिका होते, ती जागा गेली. तेवढ्यात कळलं की दुबेजींना हिंदी, मराठी आणि कामापुरतं इंग्रजी बोलणारं माणूस हवंय. माणूस म्हणजे पुरुष, असं त्यांनी धरलेलं होतं. मी जाऊन उभी राहिले तेव्हा ते म्हणाले, "बहनजी, ये काम औरतों का नहीं है. दिन भर धूप में घूमना पड़ता है."

मी म्हटलं, "सब्ज़ी लेने भी धूप में ही जाती हूँ, दुबेजी."

घरी यांना सांगितलं, तर हे लेथवरचे काळे हात साबणानं घासत म्हणाले, "मग जा ना. विचारून काहून राहिली? रविवारी मी तसाही घरी नसतो."

लोकांना वाटतं, गाइडचं काम म्हणजे माहिती पाठ म्हणून दाखवणं. माहिती दोन-तीन फेऱ्यांत पाठ होते. खरं काम वेगळं असतं. बसमधल्या प्रत्येक माणसाला घरी जाताना वाटलं पाहिजे की आपला रविवार वाया गेला नाही. आणि वाया जाणं म्हणजे काय, हे प्रत्येक घरात वेगळं ठरलेलं असतं. लढाईच्या वर्षांत फॅक्टऱ्यांमध्ये सगळ्या देशातून माणसं आली होती. बंगाली, मद्रासी, मल्याळी, पंजाबी, आपले नागपूर-अमरावतीकडचे. आठवडाभर भोंग्यावर उठायचं आणि भोंग्यावर झोपायचं. रविवारी सुट्टी मिळाली की ही मंडळी बायकामुलांना घेऊन आमच्या बसमध्ये बसायची. नदी एक, कडे तेच, धबधबाही तोच. पण संध्याकाळी कोणाचा चेहरा फुललेला असायचा आणि कोणाचा पडलेला, आणि पहिली काही वर्षं मला त्याचं कारणच समजायचं नाही.

आमचा नावाडी बैसाखू. भेडाघाटचे नावाडी वल्हवता वल्हवता यमक जुळवून कड्यांची माहिती सांगतात, ही तिथली जुनी रीत. बैसाखूचं हे पेटंट होतं: "दाएँ देखो हाथी-पाँव, बाएँ देखो धूप और छाँव, जो कोई नाव में खड़ा हुआ, वो पहुँचा मगर के गाँव." एकदा फॅक्टरीच्या कामासाठी परदेशातून आलेल्या एका इंजिनियरची बायको नावेत होती. बैसाखूनं सुरुवात केली तशी तिनं माझ्या कानाशी येऊन विनंती केली की याला गप्प बसायला सांगाल का, मला पाण्याचा आवाज ऐकायचाय. मी त्याला सांगितलं. त्याला ते फार लागलं. मुकाट्यानं वल्ही मारत राहिला. उतरल्यावर मला म्हणाला, "दीदी, चुप रहने के लिए तो उसके देस में भी नदी होगी." पण ती बाई इतकी खूश झाली की जाताना त्याच्याशी दोन्ही हातांनी हस्तांदोलन करून गेली.

पुढच्या फेरीला सुरतेकडचं एक मोठं कुटुंब. बैसाखू आता शहाणा झालेला, त्यानं तोंडच उघडलं नाही. उतरल्यावर त्यांच्यातल्या आजोबांनी माझ्याकडे तक्रार केली, "बेन, ये नाववाला गूँगा है क्या? हमको तो मुर्दे जैसा घुमाया."

तेव्हापासून मी बसमध्येच चौकशी करायला लागले. कुठले तुम्ही, आधी कुठे कुठे जाऊन आलात, नदीकाठी गेल्यावर तुमच्याकडे पहिल्यांदा काय करतात. सुरतेच्या त्या आजोबांनी कड्यांकडे बघायच्या आधी पाणी डोळ्यांना लावलं होतं. त्यांच्यासाठी नर्मदा आई होती, आणि आईच्या घरी कोणी गप्प बसत नाही. पंजाबी मंडळींना सगळे एकत्र बसून गरम जेवले की बाकी सगळं माफ. आणि आपले पुण्याकडचे पाहुणे. त्यांना खूश करायला मला फार दिवस लागले. कडे पाहून म्हणायचे, "बरे आहेत." धबधबा पाहून म्हणायचे, "पाणी जरा कमी वाटतं." शेवटी एकदा माझ्या तोंडून चुकून निघालं की नर्मदा इथून पूर्वेकडे वाहते. एक गृहस्थ एकदम सावरून बसले. "पश्चिमेकडे, बाई. नर्मदा पश्चिमवाहिनी आहे." मग त्यांनी सगळ्या बसला नर्मदेचा उगम, संगम, खोरं, सगळं समजावून सांगितलं आणि उतरताना दुबेजींना म्हणाले की सहल अतिशय उत्तम झाली. पुढे पुण्याची मंडळी असली की नर्मदा मी हटकून पूर्वेकडे वाहवायची.

अशानं मला वाटायला लागलं की माणूस कुठला ते कळलं की त्याला काय हवं तेही कळतं. हा गर्व एका बाईनं उतरवला. तिची गोष्ट सांगायची म्हणून तर लिहायला बसले.

एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली आणि दुबेजींनी बस बंद केली. शहरात ब्लॅकआउट, फॅक्टऱ्यांत दिवसरात्र काम. "लड़ाई में कौन घूमने जाता है? और लोग क्या कहेंगे?" ते म्हणाले. लढाई चालू होती तोवर मीही काही बोलले नाही. पण लढाई थांबली, जानेवारी लागला, तरी बस उभीच. फॅक्टऱ्यांचे भोंगे मात्र थांबले नव्हते, कारण जे संपलं होतं ते सगळं पुन्हा बनवायचं होतं. हे घरी यायचे ते जेवताना डुलक्या घ्यायचे. आमच्या क्वार्टर्सच्या ओळीतली माणसं एकमेकांवर उगाच खेकसायला लागली होती.

मी दुबेजींकडे गेले आणि म्हटलं की जो माणूस आठवडाभर दारूगोळ्याशेजारी उभा राहतो त्याला आत्ताच नदी दाखवायला पाहिजे. ते म्हणाले, बस भरणार नाही. मी म्हटलं, मी भरते. दोन दिवस क्वार्टर्समध्ये दारोदार फिरले. आमच्या मागच्या ओळीतले मित्राबाबू आणि त्यांच्या बायकोनं पहिल्यांदा नाव दिलं. मित्राबाबूंची एकच अट, रविवारी त्यांची रात्रपाळी होती, पाळीच्या वेळेआधी बस परत पोचलीच पाहिजे. बस भरली.

त्या बसमध्ये शेवटच्या दोन जागांवर एक म्हातारं तमिळ जोडपं होतं. पेरियसामी हे रेल्वेतून निवृत्त झालेले, मोडकी हिंदी बोलायचे. त्यांच्या बायकोला ते नुसतं अम्मा म्हणत, म्हणून मीही अम्माच म्हणायला लागले. तिला तमिळशिवाय काही येत नव्हतं. त्यांचा मुलगा सेल्वम फौजेत. लढाईत सुरुंगावर पाय पडून त्याचा डावा पाय गुडघ्याखाली गेला होता आणि तो इथल्या मिलिटरी हॉस्पिटलात होता. हे दोघं तमिळनाडूतल्या गावाहून येऊन क्वार्टर्समधल्या एका ओळखीच्या घरी राहिले होते आणि रोज दिवसभर त्याच्या खाटेशी बसायचे.

"बेटा बोला, मेरा पैर को कितना देखता है, एक दिन बाहर जाओ," पेरियसामी मला म्हणाले. "तो हम आया."

अम्मा मात्र मनानं आलेली दिसत नव्हती. खिडकीशी बसून तिनं एकदाही बाहेर पाहिलं नाही. मी मनाशी ठरवलं की आज या बाईच्या चेहऱ्यावर थोडं तरी समाधान आणायचंच. दक्षिणेकडची, देवळांच्या मुलखातली बाई. देऊळ दाखवलं की खुलेल, असा माझा हिशेब.

चौसष्ट योगिनींचं देऊळ टेकडीवर आहे. उंच दगडी पायऱ्या चढून गेलं की मोठं गोल अंगण, भिंतीला लागून ओळीनं योगिनी बसलेल्या, आणि मधोमध शंकर-पार्वतीचं देऊळ. योगिनी जवळजवळ सगळ्या भंगलेल्या. मी आत शिरल्यावर नेहमीचं बोलायला सुरुवात केली. "देखिए, किसी का हाथ नहीं, किसी का पैर नहीं, फिर भी कितनी सुंदर हैं." पेरियसामी शब्दाला शब्द लावून अम्माला तमिळमध्ये सांगत होते.

अम्मानं माझ्याकडे पाहिलं. मग ती वळली, दाराबाहेर गेली आणि उंबऱ्याजवळ भिंतीकडे तोंड करून खाली बसली. पदर तोंडावर घेतलेला.

पेरियसामी तिच्याशी बोलून आले. "मैडम, हमारे गाँव में टूटा हुआ भगवान नहीं रखता. नदी में छोड़ देता. वो पूछती है, इधर काहे को रखा? और हमको काहे को दिखाया?"

आपण काय बोलून गेलो ते मला तेव्हा समजलं. इतर सगळ्यांसाठी ते शिल्प होतं. तिला तो अपशकुन होता. आणि मी तिच्याच मुलाचं वर्णन करून तिला म्हटलं होतं की बघा किती सुंदर.

मी मित्राबाबूंच्या बायकोला बाजूला घेऊन सांगितलं की तुम्ही सगळ्यांना घेऊन नावेवर चला, बैसाखू घाटावर आहे, नंतर गनीभाई बसनं तुम्हाला धुवांधारला नेतील आणि परतताना आम्हाला घेतील. गनीभाई म्हणजे आमचे ड्रायव्हर. लोक गेले. आम्ही तिघं वर राहिलो. मी अम्मापासून थोडी दूर बसले. तिच्या भाषेत मला दोन शब्दही बोलता येत नव्हते.

बऱ्याच वेळानं पायऱ्या चढून बैसाखूची आई आली. ती पाण्याचा तांब्या आणि कुंकवाची वाटी घेऊन नेमानं देवळात यायची, मी तिला अनेकदा पाहिलं होतं. ती आत गेली आणि एकेका योगिनीपुढे थांबून पाणी शिंपडत, कपाळ असेल तिथे कपाळाला आणि डोकंच नसेल तिथे गुडघ्याला कुंकू लावत चालली. अम्मा मान वळवून पदराआडून बघत होती. मग ती उठून दारात आली. नवऱ्याला काहीतरी म्हणाली.

"पूछती है, टूटा हुआ को पूजा काहे को करता?" पेरियसामी म्हणाले.

मी बैसाखूच्या आईला विचारलं. म्हातारीनं हातातलं काम न थांबवता तिच्या बुंदेलीत सांगितलं, "टूटी हैं सो का भओ. बैठी तो हैं." तुटल्यात म्हणून काय झालं, बसल्या तर आहेत.

ते मी पेरियसामींना सोप्या हिंदीत सांगितलं, त्यांनी अम्माला तमिळमध्ये सांगितलं. इतक्या हातांतून जाताना त्यातलं किती उरलं कोण जाणे.  अम्मा चपला बाहेर काढून आत आली आणि तिनं म्हातारीपुढे हात पसरला. म्हातारीनं वाटी तिच्या हातात दिली.

योगिनी चौसष्ट म्हणतात, पण देवळात मूर्ती त्याहून अधिक आहेत. अम्मा एकही गाळत नव्हती. प्रत्येकीपुढे खाली बसायची, कुंकू लावायची, तिच्याशी काहीतरी बोलायची. मोडलेल्या हातावरून, मोडलेल्या पायावरून हात फिरवायची. अर्धं वर्तुळ झालं नसेल तोच खालून गनीभाईंचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. मग मित्राबाबू धापा टाकत वर आले.

"दीदी, चलिए. अभी निकलेंगे तो टाइम पर पहुँचेंगे. पंच नहीं हुआ तो ग़ैरहाज़िरी लगेगी."

"थोड़ा रुकिए, बाबू."

"कैसे रुकूँ? आपने बोला था टाइम पर लाएँगे." त्यांचा आवाज चढला होता, पण त्यांचं खरं होतं. रात्रपाळी चुकली तर गेटवर माझं कोणी ऐकणार नव्हतं. मी अम्माकडे पाहिलं. पेरियसामी तिला चल म्हणून सांगत होते आणि ती मान हलवत होती. तिला अर्ध्यावरून उठवणं मला शक्य झालं असतं, मी खांद्याला हात लावला असता तर ती आलीही असती. मला ते करायचं नव्हतं.

मी म्हटलं, "आप सब बस लेकर जाइए. हम तीनों पीछे आते हैं."

"किससे आएँगे?"

"जो मिलेगा उससे."

ते माझ्याकडे बघत राहिले. गाइडनं बस सोडायची नसते. मग त्यांनी आत पाहिलं, अम्मा एका मूर्तीच्या पायाशी बसलेली होती. ते खाली गेले, आणि बस गेल्याचा आवाज आला.

अम्माचं झालं तेव्हा ऊन कलून गेलं होतं. नाव नाही, धुवांधार नाही. बैसाखूनं माल उतरवून परतणारा एक ओळखीचा ट्रक थांबवला. त्याच्या केबिनमध्ये आम्ही दाटीवाटीनं बसून शहरात आलो. अम्मानं रस्ताभर बाहेर पाहिलं. 

दुबेजी सोमवारी फार चिडले. गाइडशिवाय बस परत आली हे ऐकून त्यांना धक्का बसला होता. "किसी को कुछ हो जाता तो?" त्यांचं म्हणणं रास्त होतं. त्यांनी मला सांगितलं की पुढच्या रविवारी यायची गरज नाही. मी म्हटलं, मी येणार, पाहिजे तर तिकीट काढून येईन. घरी यांना सगळं सांगितलं. हे म्हणाले, "तिकीट काढून जाशीन तर माझंही काढ. मला एक रविवार सुट्टी भेटून राहिली." तशी वेळ आली नाही. दुबेजींनी शनिवारी माणूस पाठवून बोलावलं. मित्राबाबू वेळेत पोचले होते आणि त्यांनी ऑफिसात जाऊन त्याच बसची पुन्हा चार तिकिटं मागितली होती.

त्यानंतर मी लोकांना कुठले ते विचारायचं सोडलं नाही. त्याचा उपयोग होतोच. तमिळ गावातली बाई भंगलेल्या मूर्तीकडे शिल्प म्हणून नव्हे, देव म्हणून पाहते, हे आधी माहीत असतं तर मी ते वाक्य बोलले नसते. पण गावावरून माणूस कुठून सुरुवात करतो एवढंच कळतं. कुठे जाऊन थांबतो ते त्याचं त्यालाच ठरवावं लागतं, आणि त्यासाठी त्याला वेळ लागतो. बसच्या वेळापत्रकात हा वेळ नव्हता. दुबेजींशी भांडून भांडून मी तो घालून घेतला. देवळासाठी दुप्पट वेळ, आणि रात्रपाळीवाल्यांना त्यांच्या पूर्ण सुट्टीच्या रविवारीच घ्यायचं.

एक खंत मात्र राहिली. इतकी वर्षं तमिळ माणसांमध्ये राहून मी त्यांची भाषा शिकले नाही. अम्मा योगिनींशी काय बोलली ते मला कधीच कळलं नाही.

उन्हाळा लागायच्या आधी एका रविवारी ती दोघं पुन्हा आली. या वेळी बरोबर सेल्वम होता. उंच, काळासावळा, काखेत कुबड्या, पँटचा डावा पाय गुडघ्याखाली दुमडून पिनेनं अडकवलेला. फौजेतली चांगली हिंदी बोलायचा. देवळाच्या पायऱ्यांशी बस थांबली तेव्हा मी त्याला म्हटलं की तू खालीच थांब, नंतर नावेत बसू, तिथे उतार सोपा आहे.

"नहीं दीदी, अम्मा ने बोला है ऊपर जाना है."

त्यानं चढायला सुरुवात केली. कुबड्या वर टेकायच्या, मग अंग ओढून घ्यायचं. काही पायऱ्यांतच घामानं भिजला. बसमधले एक सरदारजी पुढे आले, म्हणाले, पुत्तर, माझ्या पाठीवर बस. अम्मानं हात आडवा केला. सरदारजी बाजूला झाले. ती त्याच्यामागे एक पायरी खाली राहून चढत होती, दोन्ही हात पुढे धरून, पण त्याला हात लावत नव्हती. तो थांबला की थांबायची. बाकी कोणी पुढे गेलं नाही, सगळी बस त्यांच्यामागे सावकाश चढत राहिली.

वर पोचल्यावर तो दाराशी दगडावर बसला. मी माझं बोलणं सुरूच केलं नाही. अम्मा आत गेली, कुंकवाची पुडी काढून दाराशेजारच्या पहिल्या योगिनीपाशी उभी राहिली, आणि तिथून वळून त्याच्याशी तमिळमध्ये मोठ्यानं काहीतरी बोलली. तो हसला.

"क्या बोलीं?" मी विचारलं.

"बोल रही है, बैठ मत. अभी शुरू भी नहीं किया."

त्यानं कुबड्या काखेत घेतल्या आणि उठला. मी खाली जाऊन गनीभाईंना सांगितलं की आज परत जायला उशीर होणार आहे.